फुटाणे लपवून खाऊ नकोस

पत्र थोडक्यात असं : मराठवाड्यातल्या एका खेड्यातून स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्याला आलेली २२ वर्षांची मुलगी. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते. सकाळी सातला अभ्यासिकेत जाते, रात्री दहाला परतते. खोलीत शेगडी चालत नाही, फ्रिज नाही; पाणी तापवायची इलेक्ट्रिक किटली तेवढी घरमालकीणबाई चालवून घेतात. घर माळकरी, त्यामुळे अंडं-मांस वर्ज्य. दोन्ही एकादश्या पाळते. वजन ४८ किलो. सकाळी चहा-बिस्किटं, साडेअकराला मेसमध्ये दोन पोळ्या आणि भाजी (वरण पाणचट म्हणून सोडून देते), चारला चहा-वडापाव, रात्री मेसचा वरण-भात आणि एक पोळी. काही महिन्यांपासून केस मूठमूठ गळतात, दुपारी पुस्तकावरच डोळे मिटतात. जिमला जाणारी मैत्रीण म्हणाली, ‘तुला प्रोटीन कमी पडतंय.’ मग टेस्ट सिरीजसाठी घरून आलेल्या पैशांतून तिने प्रोटीन पावडरचा डबा आणि प्रोटीन बारचं खोकं घेतलं. बार संपत आलेत, पावडर नकोशी झालीय आणि घरी यातलं काही सांगितलेलं नाही. आईने दिलेले फुटाणे-शेंगदाणे बॅगेत आहेत, पण चौघींत ते बाहेर काढायची लाज वाटते. तिचा प्रश्न : बॅगेत मावेल, टिकेल, परवडेल असं हाय-प्रोटीन काय ठेवू? आणि त्या डब्याचं काय करू?

तुझं पत्र वाचताना माझं लक्ष पहिल्यांदा गेलं ते कंसातल्या वरणाकडे. दुपारी ते तू ताटात ठेवून उठतेस, आणि चार वाजता बॅगेतून बार काढतेस. बॅगेत काय ठेवायचं हे मी सविस्तर सांगणारच आहे. पण त्याआधी तुझ्या दिवसाचा हिशेब एकदा मांडू या, कारण ‘प्रोटीन कमी पडतंय’ हे तुझ्या मैत्रिणीने सांगितलं आणि तू मान्य केलंस. किती कमी, हे मात्र कुणीच मोजलेलं नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली जी शिफारस केली, त्यानुसार निरोगी प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. तुझ्या ४८ किलोला ती होतात साधारण ४० ग्रॅम. आपलं जेवण पोळी-भाताचं, आणि धान्यातली प्रथिनं शरीराला जरा कमी उपयोगी पडतात. म्हणून किलोमागे एक ग्रॅम धरावं, म्हणजे तुझ्यासाठी ४५ ते ४८ ग्रॅम. आता बार आणि पावडर बाजूला ठेवून तू काय खातेस ते बघ. सकाळचा चहा आणि पाच-सहा बिस्किटं मिळून तीन ग्रॅम. दुपारच्या दोन पोळ्या सहा ग्रॅम, भाजी दोन. वडापाव आणि चहा मिळून आठ. रात्रीचा भात, पातळ वरण आणि पोळी मिळून दहा. सगळी बेरीज २९ ग्रॅमच्या आसपास जाते. मेसची पोळी पातळ-जाड असते, वरणाचं तर विचारूच नये, त्यामुळे हे आकडे दोन-चार ग्रॅमने इकडेतिकडे होतील.

म्हणजे मैत्रिणीचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तुला कमी पडतंयच, पण ते दिवसाला १६ ते १९ ग्रॅम. एवढी तूट भरायला परीक्षेचे पैसे मोडावे लागत नाहीत.

दुसरी गोष्ट मला प्रथिनांहून जास्त खुपते. तू एकूणच कमी खातेस. साडेअकराला दोन पोळ्या खाऊन जी मुलगी रात्री नऊपर्यंत एका वडापाववर बसते, तिचं शरीर मिळालेल्या प्रथिनांतलाही काही भाग सरळ ऊर्जेसाठी जाळून टाकतं. केस, स्नायू, रक्त बांधायला मग उरतं काय? पोट अर्धं ठेवून वरून पावडर घेतली तरी हेच होणार. त्यामुळे माझी पहिली सूचना अगदी साधी आहे : दुपारी एक पोळी वाढव आणि वरणाची वाटी संपव. पातळ असलं तरी त्यात तीन-चार ग्रॅम असतात. मेसच्या मावशींना ‘मावशी, तळातलं वाढा’ असं म्हणायला संकोच करू नकोस. डाळ तळाशी बसते हे त्यांनाही ठाऊक असतं, आणि मागणाऱ्या मुलीला त्या नाही म्हणत नाहीत. ज्या दिवशी मटकीची, चवळीची किंवा हरभऱ्याची उसळ असेल त्या दिवशी दुसरी वाटी घे. घट्ट उसळीच्या वाटीत सहा-सात ग्रॅम सहज मिळतात.

आता केसांबद्दल. गळणारे केस आणि दुपारची झोप यांचं एकच कारण धरून तू चालली आहेस, आणि इथे मला तुला थांबवायचंय. २२ वर्षांच्या, कमी खाणाऱ्या, शाकाहारी मुलीचे केस गळत असतील तर माझ्या मनात पहिला संशय येतो तो लोहाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. तू त्यांच्यात असण्याची शक्यता बरीच मोठी आहे. त्याखेरीज थायरॉइड आहे, ब-१२ आहे, अपुरी झोप आहे. दोन-तीन महिन्यांपूर्वी डेंग्यू, टायफॉइड असा मोठा ताप येऊन गेला होता का? तापानंतर इतक्याच अंतराने केस एकदम गळायला लागतात आणि पुढे काही महिन्यांत आपोआप थांबतातही. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, हेही पत्रात नाही. ही सगळी माहिती डॉक्टरांना दे. सीबीसी (यात हिमोग्लोबिन कळतं), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि ब-१२ या रक्ताच्या तपासण्या करून घे. ससूनमध्ये किंवा महापालिकेच्या दवाखान्यात गेलीस तर खर्च आटोक्यात राहील. अर्धा दिवस जाईल, जाऊ दे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली निघालं तर गोळ्या घ्याव्या लागतील. ती कमतरता फुटाण्यांनीही भरून निघत नाही आणि महागड्या डब्यानेही नाही. तोवर एवढं कर : जेवणाला लागून चहा घेऊ नकोस. चहातल्या टॅनिनमुळे जेवणातलं लोह शरीरात नीट शोषलं जात नाही. मध्ये तासभर जाऊ दे, आणि वरणावर लिंबू पिळ, कारण क जीवनसत्त्व नेमकं उलट काम करतं.

आता बॅग.

तुझ्या पत्रातला शब्द ‘हाय-प्रोटीन’. हा शब्द पाकिटावर छापायला आपल्याकडे नियम आहे. घन पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये रोजच्या शिफारशीच्या किमान २० टक्के प्रथिनं असावी लागतात. पुरुषांची शिफारस ५४ ग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅममागे ११ ग्रॅमच्या आसपास असली की काम झालं. १०० ग्रॅम फुटाण्यांत २० ते २२ ग्रॅम असतात, शेंगदाण्यांत २४-२५. तुझ्या बॅगेच्या तळाशी आईने जुन्या डब्यात भरून दिलेलं जे पडलं आहे, ते या नियमात दोनदा बसतं. त्याच्यावर छापलेलं काही नाही, एवढंच. एका चांगल्या बारच्या पैशांत पाव किलो फुटाणे येऊन वर पैसे उरतात, आणि त्या पाव किलोत ५० ग्रॅम प्रथिनं आहेत.

मूठभर फुटाणे आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे, दोन्ही मिळून ५० ग्रॅम, हे चारच्या चहाबरोबरचं खाणं ठरवून टाक. त्यातून ११ ग्रॅम मिळतात. वडापाव सोडून दे असं मी म्हणत नाही. आठवड्यातून एक-दोनदा खा, चवीने खा. रोजच्या भुकेचा भार मात्र त्याच्यावर टाकू नकोस. फुटाणे सालासकट खा. सुरुवातीला पोट फुगल्यासारखं वाटलं तर अर्धी मूठ कमी कर आणि आठवडाभराने वाढव. पाणी पुरेसं पी. अभ्यासिकेतलं स्वच्छतागृह नको म्हणून दिवसभर पाणी तोडणाऱ्या मुली मला नेहमी भेटतात, आणि त्यातल्या निम्म्यांची डोकेदुखी, मलावरोध आणि दुपारची मरगळ तिथूनच सुरू होते. तू त्यांच्यातली असशील तर आधी जरा बऱ्या स्वच्छतागृहाची अभ्यासिका शोध. हे मी मनापासून सांगते आहे, खाण्याइतकंच ते महत्त्वाचं आहे.

खरेदीबद्दल थोडं. मंडईच्या आसपास चुरमुरे-फुटाण्यांची दुकानं आहेत, तुझ्या खोलीपासून चालत जाण्यासारखी. तिथून पाव-पाव किलोच आण. पावसाळ्यात फुटाणे सादळतात, म्हणून घट्ट झाकणाचा डबा लागतोच. शेंगदाणे घेताना दोन दाणे चावून बघ. खवट, कडू किंवा सुरकुतलेले असतील, बुरशीचा वास येत असेल, तर घेऊ नकोस. घरात असतील तर टाकून दे. ओलाव्याने बुरशी धरलेल्या शेंगदाण्यांत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते यकृताला वाईट आणि भाजल्याने पूर्ण जात नाही. इथे काटकसर करायची नाही.

सकाळचं खाणं मात्र बॅगेतलं नको, खोलीतलं हवं. तुझ्या दिवसात सगळ्यात मोठी फट तिथेच आहे. सातूचं पीठ तुमच्याकडे करत असतील. गहू आणि डाळं भाजून दळलेलं, सुंठ-वेलची घातलेलं. चार मोठे चमचे पीठ, एक पेला दूध, थोडा गूळ. गॅस नको, किटलीही नको. दूध पाश्चराइज्ड पिशवीचं असेल तर न उकळता चालतं, फक्त फ्रिज नसल्याने सकाळी आणून सकाळीच संपवायचं. खोलीतल्या दोघी-तिघींनी मिळून अर्ध्या लिटरची पिशवी घेतली तर वायाही जाणार नाही. यातून १२ ग्रॅमच्या आसपास मिळतात, आणि अकरापर्यंत भूक लागत नाही. दूध सोसत नसेल तर ताकात, मीठ-जिरं घालून.

आता पुन्हा बेरीज कर. २९ ग्रॅमवर दुपारच्या वरणाचे चार, वाढवलेल्या पोळीचे तीन, सकाळी तीनऐवजी १२ म्हणजे नऊ वाढले, चारला तीन-चार वाढले. आपण ४८ ग्रॅमच्या वर गेलो. पावडरचा एकही चमचा यात धरलेला नाही.

किटलीचा आणखी एक उपयोग सांगते. सोयाबीन वड्या पाव किलो आणून ठेव. वाळलेल्या वड्यांत १०० ग्रॅमला ५० ग्रॅमहून अधिक प्रथिनं असतात. मूठभर, म्हणजे २५ ग्रॅम वड्या डब्यात घालून वर उकळतं पाणी ओतायचं, झाकण लावून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, मग पिळून घ्यायच्या. मीठ, तिखट, लिंबू, जमला तर चिरलेला कांदा. किटलीत वड्या टाकू नकोस, घरमालकीणबाईंचा विश्वास जाईल. मेसची भाजी बटाट्याची निघाली की त्यात या मिसळल्या तरी चालतात. हे रविवारी संध्याकाळी विशेष कामाला येतं, कारण तेव्हा बहुतेक मेस बंद असतात आणि मुली मॅगी किंवा वेफर्सवर रात्र काढतात.

आणि घरून काय मागवायचं? पत्राच्या शेवटी तू लिहिलं आहेस की अण्णा सोयाबीन आणि तूर करतात. मराठवाड्यातलं सोयाबीन बहुतेक तेलासाठी गिरणीत जातं, आणि तेल काढल्यावर प्रथिनांनी भरलेली पेंड उरते, ती जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात जाते. आपल्याच शेतातलं किलोभर सोयाबीन आईला निवडून ठेवायला सांग. रात्रभर भिजवायचं, सकाळी पाणी बदलून पंधरा मिनिटं उकळायचं, निथळून कापडावर सुकवायचं, मग कढईत मंद आंचेवर मीठ लावून खमंग कुरकुरीत होईपर्यंत भाजायचं. उकळणं टाळायचं नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारी द्रव्यं असतात, ती उष्णतेने निकामी होतात. असं भाजलेलं सोयाबीन ३० ग्रॅम खाल्लंस तरी दहा ग्रॅमच्या वर प्रथिनं पदरात पडतात. एवढ्याशा वजनात याहून जास्त देणारा आणि इतका स्वस्त खाऊ मला माहीत नाही. (तपासणीत थायरॉइड निघालं आणि गोळी सुरू झाली, तर गोळी आणि सोयाबीन यांत काही तासांचं अंतर ठेव.)

गावाकडून कुणी येणार असेल तर धपाटे मागव. ज्वारीचं पीठ, बेसन, थोडी कणीक, लसूण-तीळ. दोन-तीन दिवस उत्तम टिकतात, थंडच खायचे असतात, आणि गुंडाळून बॅगेत कुठेही बसतात. ज्वारी-गव्हात लायसिन नावाचा प्रथिनांतला घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत मेथिओनिन कमी असतं, ते धान्य पुरवतं. धपाट्यात दोन्ही एका घासात येतात. सोबत शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी असली की ते पूर्ण जेवण होतं. एसटीने गावाहून पुण्याला येताना तू हेच खात आली असशील. ते फक्त प्रवासापुरतं का ठेवायचं?

शेंगदाण्याचे लाडू उत्तम, तीन आठवडे टिकतात. आईला गूळ दाण्यांच्या निम्माच घालायला सांग. दुकानातली चिक्की चालेल, पण तिच्यात साधारण निम्मा गूळ किंवा साखर असते, म्हणून एखादी वडी पुरे. बदामांसाठी जीव टाकू नकोस : दहा बदामांत जेमतेम अडीच ग्रॅम. मखाणे हलके, वाटीभर खाल्ले तरी दोन ग्रॅमच्या पुढे जात नाहीत. चुरमुऱ्यांचंही तेच, पण भेळीत निम्मे फुटाणे-दाणे घातलेस तर गोष्ट वेगळी. पनीर पुण्याच्या उन्हात दिवसभर बॅगेत ठेवू नकोस. मोड आलेली कच्ची मटकीही फ्रिजशिवाय दुपारपर्यंत ठेवू नकोस, परीक्षेच्या आधी पोट बिघडवून घ्यायची ती हमखास वाट आहे.

एकादशीचं तू नुसतंच लिहिलंस, पण महिन्यातले ते दोन दिवस तुझ्यासाठी सगळ्यात उपाशी दिवस असणार. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावालाही नाहीत. खिचडीत जे काही असतं ते दाण्याच्या कुटाचं. म्हणून कूट सढळ हवा. त्या दिवशी सकाळी दूध आणि राजगिऱ्याचे दोन लाडू घे, दुपारी मेसमध्ये उपवासाचं असेल तर शेंगदाण्याची आमटी आणि भगर, चारला नुसते भाजलेले दाणे, रात्री दही. व्रत मोडायचं नाही आणि दुसऱ्या दिवशी डोकं दुखून अभ्यासही बुडवायचा नाही, दोन्ही जमण्यासारखं आहे.

आता लाजेबद्दल लिहिते. हा भाग तू दोन ओळींत उरकलास, पण तो वाचून मला वाईट वाटलं. मैत्रिणी चकचकीत पाकीट फोडतात आणि तू डबा बॅगेतच ठेवतेस, कारण फुटाणे ‘गावाकडचे’ वाटतात. तुझ्या घरी माळ आहे. पंढरपूरहून आलेल्याच्या हातचे चुरमुरे-फुटाणे तू लहानपणापासून ओंजळ पुढे करून घेतले असशील. तेच फुटाणे सदाशिव पेठेत आल्यावर कमी प्रतीचे कसे झाले? तुला दोष देत नाही मी. नव्या शहरात आपलं बोलणं, कपडे, खाणं सगळंच कुणीतरी तपासतंय असं वाटत राहतं, आणि काही वेळा तपासतातही. पण जरा आजूबाजूला बघ. त्या अभ्यासिकेतल्या बहुतेक मुली तुझ्यासारख्याच लातूर, बीड, नांदेड, जळगाव, यवतमाळ अशा कुठून कुठून आलेल्या असतील, आणि प्रत्येकीच्या बॅगेत आईने भरून दिलेलं काहीतरी असेल. उद्या चारला डबा काढ आणि आधी शेजारणीपुढे धर. ती काय म्हणते ते बघ. माझा अंदाज आहे की आठवड्याभरात कुणाची कारळाची चटणी, कुणाचे मेथीचे लाडू बाहेर येतील. नाही आले तरी तुझं चारचं खाणं चुकायला नको. आत जागेवर बसून मात्र खाऊ नकोस, शांत अभ्यासिकेत फुटाणे फार वाजतात आणि शेजारचीचा अभ्यास मोडतो.

तुझ्यासारखीच अडचण असणाऱ्या, पण अंडं खाणाऱ्या मुला-मुलींसाठी : एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात. उकडलेली दोन अंडी सालासकट डब्यात नेली तर बॅग घाण होत नाही. उन्हाळ्यात ती सकाळच्या मधल्या सुट्टीतच संपवावीत. कोकणातल्या मुलांकडे तर सुकट आणि जवळा आहे, वजनाच्या निम्म्याहून अधिक प्रथिनं असलेला. घरून भाजलेल्या जवळ्याची कोरडी चटणी आणून भाकरी-पोळीबरोबर खावी, खोलीतल्या सोबत्यांची नाकं सांभाळून. जी मुलं पोलीस भरतीसाठी रोज धावतात, कसरत करतात, त्यांची गरज जास्त असते, किलोमागे १.२ ग्रॅमच्या पुढेही जाऊ शकते. त्यांनी फुटाणे-दाण्यांच्या दोन वेळा कराव्यात आणि दूध वाढवावं. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नये. आणि शेंगदाण्याची अॅलर्जी असेल तर फुटाणे आणि सातू यांवर भागवावं.

राहिला तो डबा. फेकू नकोस. व्हे प्रोटीन म्हणतात ते दुधातूनच काढलेलं असतं, त्यात भीतिदायक काही नाही, आणि जादूही नाही. आधी लेबल बघ : प्रथिनांचा स्रोत काय लिहिलाय, एका चमच्यात किती ग्रॅम, साखर किती, एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक आहे का, मुदत किती. यातलं काही गायब असेल किंवा सील फुटलेलं मिळालं असेल तर खाऊ नकोस, दुकानदाराकडे परत ने. सगळं ठीक असेल तर अर्धा चमचा सकाळच्या सातूत मिसळ. चव लपेल आणि डबा हळूहळू संपेल. संपला की दुसरा आणू नकोस. एखाद-दुसरा बार उरला असेल तर तो परीक्षेच्या दिवसासाठी ठेव. दोन पेपरांच्या मधल्या वेळात, अनोळखी केंद्रावर, हात न धुता खाता येतं, तेवढ्यापुरता तो खरंच सोयीचा आहे.

अण्णांना फोन कर. पत्रातल्या शब्दांवरून मला वाटतं, पैशांहून तुला ‘पोरगी शहरात जाऊन उधळते’ असं ते म्हणतील याची धास्ती जास्त आहे. तू चैन केली नाहीस. केस गळताहेत, डोळे मिटताहेत, अभ्यास होत नाही, या भीतीपोटी मिळेल तो उपाय धरलास. हेच शब्द त्यांना सांग. पोरीची तब्येत बरी नाही हे तिने महिनोन्‌महिने एकटीनेच सोसलं, याचं त्यांना पैशांहून जास्त वाईट वाटेल. बोलताना रागावले तर रागावू दे, आणि त्याच फोनवर आईला सातूच्या पिठाचं आणि सोयाबीनचं सांगून टाक. टेस्ट सिरीजचं म्हणशील, तर बहुतेक क्लासवाले हप्त्याने पैसे घेतात, विचारून बघ. तोवर आयोगाच्या संकेतस्थळावर मागच्या प्रश्नपत्रिका आहेत, घड्याळ लावून त्या सोडव. पण आधी रक्ताची तपासणी. हिमोग्लोबिन आणि फेरिटिनचे आकडे आले की मला कळव, पाळीबद्दल आणि तापाबद्दल विचारलेलंही लिही. त्यावरून तुझ्या मेसच्या ताटात पुढे काय बदलायचं ते ठरवू.